बटणाची गाडी

खालच्या शहरातल्या रुग्णालयात सकाळचा भात तेरुयो हाताकेयामा शिजवायची. पातेली तीन. एकात साधा भात, एकात गुरगुट्या, आणि एकात पेज, ज्यांच्या तोंडात दात नाहीत त्यांच्यासाठी. पेजेत गुठळी राहिली तर म्हातारं माणूस ठसकतं, आणि तो ठसका आपल्या हातचा असतो, एवढंच ती नव्या बायकांना सांगायची. जास्त बोलायची तिला सवय नव्हती.

तिचं घर दरीत वर, आकिताच्या डोंगरात. वसंतात बस बंद झाली, कारण बसायला माणसंच उरली नव्हती. तेव्हापासून ती घरच्या जुन्या पांढऱ्या गाडीने जायची. ती गाडी भातकापणीच्या सुमारास तिचा नवरा गेन्झो घेऊन गेला आणि धरणाखालच्या शेतात उलटी घालून आला. स्वतः चालत परतला. गाडी कुठे आहे विचारलं तर म्हणाला, कसली गाडी?

गेन्झोने उभं आयुष्य रस्त्यावरचा बर्फ हटवायचं यंत्र चालवलं होतं. डिसेंबर ते मार्च, खिंडीपर्यंत वर आणि परत. लोक उठायच्या आत रस्ता मोकळा पाहिजे, हा त्याचा धर्म. आता त्याचं डोकंच मोकळं होत चाललं होतं. डॉक्टरांनी नाव सांगितलं त्या दुखण्याचं. त्याने लायसन्स स्वतःच्या हाताने पोलीस ठाण्यात जमा केलं आणि आठवड्याभरात ते शोधत घर उलटंपालटं केलं.

तेव्हा तेरुयोला गाडी हवी होती, आणि ती अशी हवी होती की गेन्झोला नेता येऊ नये. गाडी नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर गेन्झोला घरात ठेवणं नाही. सेन्दाईची मुलगी फोनवर म्हणाली होती, बाबांना संस्थेत ठेव आता. तेरुयोने फोन ठेवून दिला. संस्थेतल्या म्हाताऱ्यांची पेज तीच शिजवून पाठवायची. ती ताटं परत कशी येतात तेही तिनेच पाहिलं होतं.

नारिता जुन्या गाड्या विकायचा. ऐन तारुण्यात दोन हिवाळे तो गेन्झोच्या शेजारी यंत्रावर बसला होता, म्हणून अजूनही त्याला दादा म्हणायचा. तेरुयो गेन्झोला बरोबर घेऊनच गेली. एकटी गेली असती तर काम लवकर झालं असतं. पण चाळीस वर्षं घरातली प्रत्येक गाडी गेन्झोनेच पारखली होती, आणि या वेळी त्याला मागे ठेवणं तिला जमलं नाही.

नारिताने शेगडी पेटवली, चहा ठेवला, धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं पुढे केलं. आवारात पिवळ्या नंबरपाटीच्या छोट्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. दरीत सगळ्यांकडे याच. मोठी गाडी बर्फाच्या भिंतींमध्ये वळत नाही.

गेन्झोने लोणच्याचा तुकडाही तोंडात टाकला नाही. एक पुठ्ठा मागितला, जमिनीवर अंथरला आणि पहिल्या गाडीखाली पाठीवर सरकला. रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इकडच्या गाड्या खालून मरतात. वरचा रंग बघून गाडी घेणारा इथे मूर्खच. तो बोटाच्या पेराने पत्रा ठोकत गेला. चांगला पत्रा टणकन बोलतो, गंजका बद्द वाजतो. तेरुयो बाजूला उभी राहून ऐकत होती. या माणसाला काल जेवलो की नाही ते आठवत नव्हतं, आणि पत्र्याचा आवाज मात्र बरोबर कळत होता.

एक एक करत तो सगळ्यांच्या खाली जाऊन आला. कपडे झटकले आणि एका चांदीच्या रंगाच्या गाडीवर हात ठेवला.

“ही. चारही चाकं ओढते. पाच गिअर. खालून पोरीसारखी आहे.”

“तुझ्यापेक्षा तरणी दिसते खरी, दादा,” नारिता म्हणाला.

“तुझ्यापेक्षा कमी गंजलीय, एवढं पुरे.”

दोघं हसले. तेरुयोने चहाचा पेला खाली ठेवला. तिची नजर ओळीच्या टोकाला होती, एका फिक्या हिरव्या गाडीवर. तिला किल्ली खुपसायला जागा नव्हती. किल्ली नुसती खिशात असली की झालं, ब्रेक दाबून बटण दाबायचं. आणि किल्ली जवळ नसेल तर जगातलं कुणीही बटण दाबो, ती सुरू होत नाही. हे नारिताने तिला आधीच फोनवर सांगितलं होतं.

“मला ती बरी वाटते,” ती म्हणाली.

गेन्झो तिच्याकडे वळला. “ती? दारांच्या खाली गंज धरलाय तिला. चार हिवाळे काढेल, पाचवा नाही. वर गिअर नाही. खिंडीच्या उतारावर ब्रेक मारत बसशील?”

“मी कुठे खिंडीकडे जाते? मी खाली जाते.”

“तरीपण का?”

खरं सांगता येत नव्हतं. नारिता शेगडीची वात वरखाली करत बसला. तेरुयोच्या तोंडून निघून गेलं, “डावा गुडघा दुखतो हो. क्लच दाबवत नाही.”

गेन्झोचा चेहरा बदलला. “कधीपासून?”

“झाले थोडे दिवस.”

“बोलली नाहीस.”

मग त्याने वाद घातला नाही. हिरव्या गाडीखाली पुन्हा गेला, कुठे कुठे रंग मारून घ्यायचा ते नारिताला दाखवलं, गाडी द्यायच्या आत तो मारून झालाच पाहिजे असा दम भरला. निघताना नेहमीचं सांगणं सांगितलं. बर्फात अडकलं की आधी इंजिन बंद, आणि वादळात गाडी सोडून पायी निघायचं नाही. त्याच्या जोडीचा एक माणूस तरुणपणी यंत्राच्या केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून झोपला होता. सायलेन्सर बर्फात पुरला गेला आणि धूर आत आला. गेन्झोनेच त्याला बाहेर ओढला होता, गालांवर लाली तशीच होती म्हणे. ही गोष्ट त्या दोघांनी शंभरदा ऐकली होती. दोघांनी माना डोलावल्या.

गाडी घरी आली. गेन्झो पहिले काही दिवस सकाळ-संध्याकाळ तिच्यात जाऊन बसायचा. बटण दाबायचा. गाडी टूंटूं करायची आणि पुढ्यात अक्षरं उमटायची, किल्ली सापडत नाही. किल्ली तेरुयोच्या झग्याच्या आतल्या खिशात, कापडात गुंडाळलेली असायची. तो आत येऊन सांगायचा, “ही गाडी मला ओळखत नाही गं.”

“नवी आहे अजून,” ती म्हणायची, आणि तोंड फिरवून तांदूळ धुवायला घ्यायची.

बाकी सगळं त्याच्या डोक्यातून गळत होतं, पण गुडघा राहिला. त्याने तो कुठे टोचून ठेवला होता कोण जाणे. आंघोळीनंतर तो मलमाची डबी घेऊन यायचा आणि तिचा डावा गुडघा चोळून द्यायचा, अंगठ्याने, हाडाच्या कडेकडेने, घाई न करता. तिला काही दुखत नव्हतं. ती पाय पुढे करून बसायची. पहिल्यांदा बर्फ पडला तसा त्याने फावडं तिच्या हातून काढून घेतलं. गाडी मागे घेताना तिला मान आणि पाय दोन्ही वळवावे लागतात, म्हणून रोज म्हणायचा, मी फिरवून ठेवतो, तोंड रस्त्याकडे करून. ती म्हणायची, राहू द्या, माझं मी बघते.

जानेवारीत एका सकाळी गुडघाभर बर्फ पडलेला होता. ती त्याच्या आधी उठली. त्याने शिकवलं होतं तसं पहिल्यांदा सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढला, मग दार मोकळं केलं, मग टपावरचा बर्फ खाली ओढला. काच गोठून दगड झाली होती. तिने गाडी सुरू केली, हीटर काचेवर सोडला आणि डबा आणायला घरात गेली. दरीत प्रत्येक घरी हेच करतात. सकाळी दारोदारी रिकाम्या गाड्या चालू उभ्या असतात, गरम होत. गाडी चोरीला जाईल असं इथे कुणाच्या मनातही येत नाही. चोर यायला रस्ता तरी कुठे असतो?

तिने शेगडी बारीक केली, डबा बांधला, गेन्झोच्या वाटणीचं सूप झाकून ठेवलं. तो अंथरुणात नव्हता. न्हाणीघरात असेल असं तिला वाटलं. तेवढ्यात बाहेर गाडी टूंटूं करायला लागली, आणि तो आवाज लांब जायला लागला.

ती बाहेर धावली. किल्ली तिच्या खिशात होती. नारिताने सगळं सांगितलं होतं, एक सोडून. किंवा तेही सांगितलं असेल आणि तिने कानाआड केलं असेल. गाडी एकदा सुरू झाली की किल्लीवाचूनही चालते. नुसती ओरडत राहते. बंद केली तर मात्र पुन्हा सुरू होत नाही.

दारातल्या बर्फात चाकांच्या खुणा होत्या. आधी एक नीट अर्धगोल, गाडी मागे घेऊन तोंड रस्त्याकडे केल्याचा. मग सरळ रस्ता. रस्ता नुकताच साफ झाला होता, त्यावर काही उमटलं नव्हतं.

पोलीस आले, गावातले अग्निशमनवाले आले. कुठे गेला असेल असं तिला विचारलं, तिने धरणाकडे हात केला, कारण गेल्या वेळी तो तिकडेच गेला होता. सगळे खाली गेले. दुपारी वादळ उठलं. पुढचा माणूस दिसेना, शोध थांबवावा लागला. तेरुयो दारात फावडं घेऊन बर्फ काढत राहिली, तो परत आला तर गाडी आत घेता यावी म्हणून. काढलेला बर्फ मागून पुन्हा भरत होता. हे काम वाया जातंय हे तिला कळत होतं. तिने ते सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी आभाळ उघडल्यावर नारिताला सुचलं. तो वर गेला, खिंडीच्या बाजूला. यंत्रं ठेवायची जुनी जागा तिथे होती, कधीची बंद पडलेली. हिवाळ्यात रस्ता तिथवरच मोकळा ठेवतात, पुढे आडवा खांब. गाडी तिथे होती. तोंड उताराकडे करून, कडेला, मागून येणाऱ्या यंत्राला वळायला जागा सोडून. गोठू नये म्हणून हँडब्रेक ओढलेला नव्हता. वायपरची पुसणी वर उभी केलेली होती, काचेला चिकटू नयेत म्हणून. रस्त्यावर वाढलेला माणूस वादळ यायच्या आत गाडी लावतो तशी लावलेली. इंजिन बंद होतं.

गेन्झो आत बसला होता, हात मांडीवर. गालांवर लाली नव्हती. गाडी बंद करायची आणि वादळात गाडी सोडून पायी निघायचं नाही, हे दोन्ही नियम त्याने पाळले होते. पुढचं त्याच्या हातात नव्हतं. बटण त्याने किती वेळा दाबलं ते कुणाला कळणार?

अंत्यसंस्कार झाले. मुलगी येऊन गेली. एक दिवस नारिता हिरवी गाडी घेऊन आला. आतून धुतली होती, दारांखालच्या गंजावर नवा रंग मारला होता. तेरुयोने चहा ठेवला, लोणचं कापलं.

“वहिनी, ती चांदीची अजून माझ्याकडेच आहे. बदलून नेता का? तुमच्या गुडघ्याचं जमत असेल तर.”

“माझा गुडघा कधीच दुखला नाही, नारिता.”

त्याला त्या दिवशीच कळलं असणार. मग बोलायला नको होतं ते बोलला, वाईट मनाने नव्हे, गाड्यांचा माणूस म्हणून.

“गिअरची असती तर किल्ली गाडीतच राहिली असती. वादळ ओसरल्यावर सुरू करून परत आला असता दादा.”

“गिअरची असती तर रोज गेला असता,” तेरुयो म्हणाली. “एखाद्या दिवशी शाळेच्या पोरांवर गेला असता.”

“तेही खरं.”

“दोन्ही खरं आहे. चहा घ्या.”

त्याने चहा घेतला. जाताना गेन्झोने उभी केलेली पुसणी खाली करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. रस्त्यापर्यंत पायी उतरला.

ती पुन्हा कामाला जायला लागली. पातेली तीच, पाणी तेच. दरीत सकाळी घराघरापुढे रिकाम्या गाड्या गरम होत उभ्या असतात. तिची नसते. आधी सायलेन्सर मोकळा करते, मग दार, मग टप. मग काच खरवडते, हाताने, वरून खाली, पूर्ण. या कामाला इतरांच्या दुप्पट वेळ जातो आणि बोटं बधिर होतात. सगळं झाल्यावरच आत बसते, दार लावते आणि बटण दाबते.

गाडी तिला ओळखते. पहिल्या दाबाला सुरू होते.