सतरंजीचा रिकामा तुकडा

बदली होऊन मी या शाळेत आले त्या सकाळी चौथीच्या वर्गात मुलं भिंतींना चिकटून, दाटीवाटीनं बसली होती आणि मधोमध सतरंजीचा मोठा तुकडा रिकामा होता. माझ्यासारखीच नवी आलेली एक मुलगी तिथं दप्तर ठेवायला गेली. कडेच्या एकीनं तिला दंड धरून ओढलं.

"तिथं बसायचं नसतं."

मी वर पाहिलं. छताचं प्लास्टर फुगून खाली आलं होतं आणि त्याच्या कडेला गंजलेला गज दिसत होता.

"कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"ताईनं. ती चौथीत होती तेव्हा तिला मोठ्या मुलींनी सांगितलेलं."

छताबद्दल विचारलं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "दुरुस्तीचा प्रस्ताव दरवर्षी देतो, बाई. व्हरांड्यात दुसरीचा वर्ग बसतो. तुम्हाला कुठं बसवू?"

नव्या खोलीला निधी मिळतो, फीत कापली जाते, नावाची पाटी लागते. जुन्या छताच्या डागडुजीला नारळ फोडायला कोण येणार? पुढच्या वर्षी इथं बसणाऱ्या मुलांचा विचार या इमारतीत कुणी करून ठेवला असेल, तर तो मुलांनीच.

मी शिकवत राहिले, पण कान छताकडे होते. पंखा कुरकुरला तरी हातातला खडू थांबायचा. दुपारी पलीकडच्या मुलाची वही बघायला मी भिंतीच्या कडेकडेनं गेले, तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं,

"बाई शिकल्या."