आबांच्या हातचा लाडू

आमच्या ब्राह्मणपुरी गावात लग्न ठरलं की तारखेनंतर पहिला प्रश्न असतो, पितांबर आबा मोकळे आहेत ना? आबा म्हणजे माझे सासरे. भटजी दुसरा मिळतो, बँड दुसरा मिळतो, पण पंगतीत गोड वाढायला आबाच लागतात. घरची केळी आहे, ऊस आहे, पण गावात त्यांची ओळख शेतकरी म्हणून नाही, आग्रह करणारे म्हणून आहे. माणूस ताटावर दोन्ही हात आडवे धरतो आणि आबा त्याच्या बोटांच्या फटीतून बरोबर लाडू खाली सोडतात. वर म्हणतात, "खाय ना भो, मी काय रोज येस का?"

लोक हसत हसत खातात. खाल्लं नाही तर पंचाईत होते. आबांच्या हातचं नाकारलं म्हणजे दोन घरांत काहीतरी बिनसलंय, हे अख्खी पंगत समजून जाते. उलट वाढणारा हात एखाद्या ताटापुढून तसाच निघून गेला, तर त्या माणसाला भर मांडवात उठवून लावल्यासारखं होतं. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही, पण ब्राह्मणपुरीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात देशभराच्या कुठल्याशा पाहणीचं पथक गावात आलं. त्यांनी चिठ्ठ्या टाकून घरं निवडली. त्यात आमचं घर आलं आणि शेजारचं नवनीतकाकांचंही आलं. नवनीतकाका आबांचे धाकटे भाऊ. वडील लवकर गेल्यामुळे आबांनीच त्यांना वाढवलं होतं. सगळ्यांना काही न खाता बोलावलं, रक्त घेतलं, दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं आणि पोटाभोवती फीत लावली. फीत लावताना आमच्या ओट्यावरच्या बाप्यांनी श्वास असा आत ओढला होता की मला वाटलं, आता एखादा घेरी येऊन पडणार.

पथकातली डॉक्टर रुचिका नावाची तरुण मुलगी होती. तिने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, आणि चांगली म्हणतात ती चरबी कमी असणं. या पाचांतल्या तीन गोष्टी बिघडल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणायचं. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. देशात साधारण दर तीन मोठ्या माणसांत एकाला तो असावा, असं ती म्हणाली.

नवनीतकाकांनी ओट्यावर एक नजर फिरवली. तिथे एकही पोट सदऱ्यात मावत नव्हतं. "मंग आमना ओटावर ते बाकीना दोन कोठे शेतस?" काकांनी विचारलं. रुचिकासकट सगळे पोट धरून हसले.

पुढे रुचिका निकाल घेऊन परत आली. आबांच्या तीन गोष्टी बिघडलेल्या निघाल्या आणि काकांच्या पाचही. "पाचमाईन पाच! मन्हा पहिला नंबर!" असं ओरडत काका आमच्या घरात शिरले आणि माझ्या सासूबाईंनी, सरलाबाईंनी, कौतुकाने त्यांना चहा दिला, तोही नेहमीसारखा पाकातला. काकांचा मुलगा भाग्येश, वय वर्षं सत्तावीस, त्याच्याही चार निघाल्या. महिनाभर बाप्ये रस्त्यात एकमेकांना "तुन्हा किती?" म्हणून विचारत होते. मला भयंकर राग यायचा. या माणसांना केळीवर करपा आला तर रात्रभर झोप लागत नाही, आणि स्वतःच्या रक्ताचा तमाशा करून टाळ्या पिटतात!

फक्त आबा हसत नव्हते. निकालाच्या दिवशीच ते रुचिकाला बाजूला घेऊन बसले होते आणि यातून पुढे काय होतं ते त्यांनी विचारून घेतलं होतं. हृदय, लकवा, मूत्रपिंड. ती काही लपवणारी नव्हती. त्या संध्याकाळी मी चुलीपाशी होते तेव्हा आबा दारात येऊन उभे राहिले.

"मोहिनी, नवनीतले मीच खावाडं ना वं?"

मी म्हटलं, "आबा, अख्खं गाव खातंय. तुमच्या एकट्याच्या हातचं थोडंच आहे?" त्यांना ते पटलं नाही.

मग त्यांनी भावाला वाचवायचा चंगच बांधला. पहाटे काकांना उठवून लोणखेड्याच्या रस्त्याला फिरायला न्यायला लागले. पण गावातून बाहेर पडायचं म्हणजे सगळ्या भाऊबंदांची घरं ओलांडायची. प्रत्येक ओट्यावरून हाक यायची, "ये भो, चहा ले." नाही म्हटलं तर तो रुसतो, आणि एकाकडे घेतला की दुसऱ्याकडे घ्यावाच लागतो. दोघे भाऊ फिरून यायचे ते पोटात चार-पाच चहा घालूनच. आठवड्यातच मी आबांना हात जोडून सांगितलं, की हे फिरणं बंद करा.

पुढच्या उन्हाळ्यात काकांच्या मुलीचं, रोशनीचं, लग्न निघालं. त्याच सुमारास काकांना जिना चढताना छातीत दाटायला लागलं. शहाद्याच्या डॉक्टरांनी लगेच अँजिओग्राफी करायला सांगितली. काका म्हणाले, "पोरगीनं लगन व्हवू द्या, मंग काय कापानं ते कापा." आबांनी रागावून पाहिलं, विनवून पाहिलं, दोन दिवस बोलणंही सोडलं. काका काही हलले नाहीत. बापाने पोरीच्या लग्नाआधी दवाखान्यात पडायचं नसतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

लग्नाच्या सकाळी आबा मला म्हणाले, "आज नवनीतना ताटमा लाडू जावाले नको."

"मग आधी काकांना सांगून ठेवा ना आबा."

"सांगं ते तो मुद्दाम मांगी."

तिथेच चुकलं. पण खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते बरोबर वाटलं.

आता सगळीकडे बुफे आलाय, तरी व्याह्यांची एक पंगत आमच्यात बसतेच. मुलीचा बाप त्या दिवशी नव्या व्याह्यांच्या मांडीला मांडी लावून जेवतो. वरण-बट्टी वाढून झाली, वांग्याची भाजी झाली, आणि आबा लाडवांचं ताट घेऊन निघाले. काय रंगात होते! व्याह्यांच्या ताटात दोन टाकले, त्यांच्या भावाच्या ताटात तीन. मग काकांचं ताट आलं. काकांनी सवयीने दोन्ही हात आडवे धरले होते आणि वर बघून हसत होते. आबा त्यांच्यापुढून सरळ निघून गेले आणि पुढच्या माणसाला वाढायला वाकले.

काकांचे हात तसेच आडवे राहिले. व्याही आधी काकांकडे बघत होते, मग आबांकडे. त्यांनी हळूच विचारलं, "भाऊ-भाऊमा काई शे का?"

मी मांडवाच्या खांबाजवळ पाण्याचा जग घेऊन उभी होते. काकांचा चेहरा लालबुंद झालेला मला दिसला. ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले आणि एवढंच म्हणाले, "भाऊ, आज मन्ही पोरगीनं लगन शे. आजच दिसनू का मी तुले?"

नवरीचा बाप पंगतीतून उठला असता तर रोशनीला जन्मभर त्या घरात ऐकून घ्यावं लागलं असतं. ते आबांना कळलं, मलाही कळलं. आबा मागे आले. काकांपुढे जमिनीवर बसले. "चुकनं मन्हं, नजर चुकनी," म्हणाले आणि एक अख्खा लाडू स्वतःच्या हाताने काकांच्या तोंडात घातला. काकांनी डोळे मिटून खाल्ला आणि लगेच दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. आबांनी दुसराही भरवला. सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. निम्म्या लोकांनी फोन वर केले होते. फोटोत आबांच्या डोळ्यांत पाणी दिसतं. सगळ्यांना ते भावाच्या प्रेमाचं वाटलं, आणि तेही काही खोटं नव्हतं.

लग्नानंतर कापसाची लागवड आली. मग खत आलं, मग फवारणी. अँजिओग्राफी मागे पडत गेली. पोळ्याच्या आदल्या दिवशी काका ओट्यावर चहा पीत बसले होते, तिथेच कलंडले. भाग्येशने जीपमध्ये घातलं. शहादा यायच्या आधीच सगळं संपलं होतं.

त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर एकच फोटो होता. जमिनीवर बसलेले आबा, उघड्या तोंडाचे काका, आणि मधे लाडू. खाली लिहिलेलं, 'असं भाऊपण आता होणे नाही.' आबांना कुणीतरी तो दाखवला. त्यांनी फोन उलटा करून खाली ठेवला. मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल, की दोन लाडवांनी माणूस मरत नाही, ते वर्षानुवर्षं साचलेलं होतं, दवाखाना लांबवला त्यानं झालं. आबा ऐकून घ्यायचे.

तेराव्याला आमच्यात घरातला वडीलधारा गेलेल्याच्या मुलाचं तोंड गोड करतो. त्याशिवाय दुखवटा सुटत नाही आणि तोवर पाहुणेही जेवत नाहीत. भाग्येश पाटावर बसला होता. तेरा दिवसांत त्याचं पोट कमी झालं नव्हतं. उलट चेहरा सुजल्यासारखा वाटत होता. समोर ओळीने सगळे भाऊबंद बसलेले, तेच ओट्यावरचे. गुरुजींनी आबांच्या हातात लाडू दिला.

आबांनी तो अर्धा मोडला.

"अर्धा नही आबा," ओळीतून कुणीतरी म्हणालं. "आजना दिन अर्धं ऱ्हावाले नको." दुसऱ्यानेही तेच म्हटलं. मग सगळ्या बायाही कुजबुजायला लागल्या. आबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात बी. एस्सी. झालेली, डॉक्टरणीचं सगळं ऐकून घेतलेली मी एकटी. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. पण बापाचा दुखवटा सुटायच्या वेळी, शंभर माणसांसमोर, सुनेने काय बोलायचं असतं, ते मला अजूनही सुचलेलं नाही. मी खाली बघितलं.

आबांनी दोन्ही तुकडे परत एकत्र दाबले. भाग्येश त्यांच्याकडे बघून, रडता रडता, थोडंसं हसला. मग त्याने डोळे मिटले आणि तोंड उघडलं, काकांसारखंच.

आबांनी लाडू भरवला. मग ताट उचललं आणि ओळीत वाढायला गेले.