पाळकसाहेबांचा न रडणारा देव

राहात्याजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत मेल्या माणसासाठी हेल काढून रडायची बंदी होती. रडारड ही जुन्या धर्माची चाल, विश्वास कच्चा असल्याची खूण, असं पाळकसाहेब सांगायचे. माणूस प्रभूकडे गेला ना, मग गीत गा. बायका पदरात हुंदका दाबून गायच्या. मला तेव्हाही त्याचा संताप यायचा, आणि आज म्हातारी झाले तरी तो उतरलेला नाही.

बेचाळीसच्या सुमारास माझा धाकटा भाऊ तापानं गेला. तीन वर्षांचं पोर. आईनं काळजावर दगड ठेवून कबरीपाशी गीत म्हटलं. तेवढ्यावर भागलं असतं, तर एक वेळ ठीक. पण पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी भर उपासनेत तिचं कौतुक मांडलं. "या बाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. देवही असाच आहे. त्याला ना दुःख, ना राग."

बायकांच्या चटईवरून आई उठली.

"साहेब, त्याचं एकुलतं एक लेकरू क्रुसावर मेलं, तवा भर दुपारी अंधार पडला. त्याला काईच वाटलं न्हवतं, तर मग त्यो अंधार कशाचा हुता?"

"खाली बसा, बाई."

"आता न्हाई बसत."

आणि तिनं हेल काढला. भाऊ भाकरीचा पापुद्रा आधी कसा सोलून खायचा, शेळीच्या पिलाला मिठी मारून कसा निजायचा, सगळं हेलात सांगत ती तिथंच पोटभर रडली.

माफी मागेपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत प्रभूच्या नावानं वाटतात ती भाकरी, बंद, अशी शिक्षा झाली. "लेकरासाठी रडले त्याची माफी? माझं खेटर मागतंय," आई म्हणाली. पण ती भाकरी तिला हवी होती. दर वेळी ताट तिला टाळून पुढं गेलं की तिचा हात जरासा उचलला जायचा आणि परत मांडीवर यायचा. वर्षानुवर्षं मी ते शेजारी बसून पाहिलं.

मग प्रभुभोजन घ्यायची माझी पहिली वेळ आली. पाळकसाहेब समोर उभे होते. मी माझा तुकडा मोडला आणि अर्धा आईच्या तळहातावर ठेवला.

"तुलाबी बंद करत्याल," ती पुटपुटली.

"करू देत."

तिनं तो खाल्ला. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. पाळकसाहेबांनी पाहिलं आणि ताट पुढच्या बाईकडे नेलं.

पुढच्या वेळी ताट आम्हा दोघींना टाळून गेलं. त्या दिवशी आम्ही मुद्दाम पहिल्या रांगेत जाऊन बसलो होतो.