मावशींच्या वर्षाचा शेरा

माझ्या मुलाच्या झबल्याला बाळंतिणीच्या खोलीचा वास यायला लागला होता. निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकून धुरी दिली की येतो, तो. आमच्या घरात बाळंतीण नव्हती. मुलगा वर्षाचा व्हायला आलेला, आणि त्याला सांभाळणाऱ्या मावशी पन्नाशीच्या विधवा.

मी तेव्हा कोल्हापुरात मुलींच्या शाळेत शिकवत असे. महाराजांच्या कारकिर्दीत मुलींच्या शिक्षणाला दरबारचा पाठिंबा होता, तरी तान्हं मूल घरी ठेवून शाळेत निघालेल्या बाईकडे पेठेत लोक वळून बघत. यजमान बदलीवर गगनबावड्याला होते. पावसाळ्यात त्यांचं येणं जवळजवळ बंदच. मावशी मूळच्या चंदगडकडच्या. सकाळी यायच्या, मी परतले की जायच्या.

दसऱ्याला त्यांना वर्ष पुरं होणार होतं. आमच्या शाळेत दिपोटी, म्हणजे शिक्षणखात्याचे तपासनीस, येत, वर्ग तपासत आणि कुणाचं काय चांगलं, काय कमी, ते तोंडावर सांगत. मावशींनाही तसंच समोर बसवायचं आणि मग पुढं ठेवायचं की नाही ते ठरवायचं, असं मी मनाशी योजलं. त्यासाठी लक्ष ठेवू लागले, आणि लक्ष ठेवल्यावर एकेक गोष्ट खटकू लागली.

माझं दूध लवकर आटलं होतं. मुलासाठी मी गाईचं दूध ठेवून जायची, ते संध्याकाळी तसंच असायचं. मूल मात्र गुटगुटीत. विचारलं तर मावशी म्हणत, आज पेज खाल्ली त्यानं. मग तो पेंगुळलेला दिसायचा, तेव्हा अफूची शंका आली. मावशी न्हाणीत असताना त्यांचं गाठोडंसुद्धा मी चाचपून पाहिलं. आत पान-तंबाखूची चंची निघाली, दुसरं काही नाही.

एकदा दिपोटींची तपासणी लवकर आटोपली आणि शाळा दुपारीच सुटली. घरी आले तर दाराला कुलूप. मी पायरीवर बसून राहिले. ऊन उतरायला लागलं तेव्हा मावशी बोळातून आल्या. मूल खांद्यावर झोपलेलं, ओठाच्या कडेला पांढरा ओघळ. मला पाहून त्या जागीच थबकल्या.

"रंकाळ्यावर हवा खायला नेलतं," त्या म्हणाल्या.

कुलूप त्यांनीच काढलं.

रविवारी त्यांना बोलावून घेतलं. त्या नेहमीसारख्या दाराशी टेकल्या, मी त्यांना आत बसायला लावलं. आधी चांगलं सांगितलं: घर स्वच्छ असतं, मुलाला गोवर आला तेव्हा त्या रात्ररात्र जागल्या, कधी नागा नाही. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मग मी विचारलं, मुलाला कुणाच्या अंगावर पाजता?

त्यांनी मान वर केली. मग म्हणाल्या, "माझी लेक हाय, बाई. पयलं बाळंतपण, पोर जलमली ती गेलीच. दूध चढलं, छाती दगडावानी झाली, तापानं फणफणलती. म्हून याला नेलं. एकडावच न्यायचं हुतं. पर यानं वढलं आन् तिला झोप लागली."

"मला का नाही सांगितलं?"

"तुमी न्हाय म्हनला असता की."

ते खरंच होतं. मी त्यांना म्हटलं, मला तिथं घेऊन चला.

तालमीमागं मावशींच्या खोलीत ती मुलगी राहत होती. विशीचीही नसेल. मला पाहून भिंतीला लागून उभी राहिली. माझा मुलगा माझ्या कडेवरून तिच्याकडं झेपावला आणि त्यानं तिचा पदर धरला. तिनं त्याला घेतलं नाही. माझ्याकडं बघत राहिली. मला त्याला ओढून घेऊन तिथून पळावंसं वाटलं. पण तो रडायला लागला, आणि तिचं लुगडं छातीशी भिजलेलं मला दिसलं. मीच म्हटलं, घे त्याला.

मावशींना मी काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून लेकीनं आमच्याच घरी यायचं, मी शाळेला निघण्याआधी माझ्यासमोर पाजायचं, असं ठरलं. ती यायची, माझ्याकडं पाठ करून बसायची. मी वेणी घालता घालता आरशातून तिच्यावर नजर ठेवी. काय शोधत होते सांगता येणार नाही. मूल तिच्याकडं बघून हसलं की कंगवा हातात थांबायचा.

थंडी सरता सरता तिचा नवरा येऊन तिला गावी घेऊन गेला. एक पावसाळा मध्ये गेला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी मावशींनी रजा मागितली. मी दिली, आणि त्या आता परत येत नाहीत अशी खूणगाठ बांधून दुसरी बाई शोधू लागले. गणपती झाल्यावर एका सकाळी त्या दारात उभ्या. मुलगी झाली होती, जगली होती.

मी म्हटलं, तुम्ही याल असं वाटलं नव्हतं.

"ठावं हाय मला," मावशी म्हणाल्या, आणि मुलाला उचलून न्हाणीकडं घेऊन गेल्या.