डब्याचं झाकण

आमच्या जळगावच्या कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाई माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलतात. मला म्हणतात, "धरा नीट." कुत्र्याची मात्र अहिराणीत विचारपूस, "काय भो, कसा शे? जेवना का?"

रक्ताचा थेंब तपासणीच्या किटमध्ये टाकला की त्यावर त्या स्वतःच्या जेवणाच्या डब्याचं झाकण पालथं घालतात. आजाराची रेष उमटते का म्हणून टक लावून बसणारी माणसं त्यांना खपत नाहीत. मी त्यांतलाच.

गोचीडतापाची औषधं संपली, तरी आमचा सात वर्षांचा भुऱ्या भाकरी हुंगून तोंड फिरवायचा. म्हणून मीच हट्टाने पुन्हा तपासणी करायला लावली. बाईंनी झाकण उचललं. रेष तशीच होती. "म्हणजे ताप आहेच अजून," मी म्हणालो.

"अहो, ही अँटिबॉडीची रेष. ताप गेला तरी महिनोन्महिने राहते," बाई म्हणाल्या. "तो तापाशी लढला, एवढंच ती सांगते. प्लेटलेट भरून आल्यात. आता जरा त्याच्याकडे बघा."

मी बघितलं. स्टुलावरच्या उघड्या डब्यात भुऱ्याचं तोंड पार आत गेलं होतं. मी पट्टा ओढायला धावलो, तर बाईंनी माझा हात धरला.

"खाई ले भो," अख्खा डबा त्याच्यापुढे सरकवत त्या भुऱ्याला म्हणाल्या, "बठ्ठं खाई ले."