तीन डब्यांची सावड

प्रोजेक्ट संपला की त्याचा कोड कुणी उघडून बघत नाही, किस्से मात्र जो भेटेल तो विचारतो. आमच्या प्रोजेक्टचे तर इतके साठलेत की कॉलेजच्या गेटवर चहा घेताना कुणी नुसतं ‘क्लस्टर’ म्हटलं तरी पुढचं लेक्चर बुडालंच समजा.

आम्ही तिघं, वाशिमच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला. मेडशीचा गजानन, अनसिंगची अश्विनी आणि शेलूबाजारचा मी, मंगेश. गजानन आमचा लीडर. त्याला कुणी निवडलं नव्हतं. पण प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर तोच द्यायचा, त्यामुळे मत घ्यायची वेळच आली नाही.

प्रोजेक्ट असा होता की एकच डेटाबेस तीन कॉम्प्युटरवर ठेवायचा. याला क्लस्टर म्हणतात. त्यातलं एक मशीन लीडर, बाकीची त्याची नक्कल ठेवतात. कोणतं चालू, कोणतं बंद, बॅकअप झाला का, हे सगळं एका स्क्रीनवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्हाला करायचं होतं. तेही ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं आणि सुधारावं.

पुण्यातला एक गट विद्यार्थ्यांचे असे प्रोजेक्ट हाती घ्यायचा. त्यांनी आमचा आराखडा मंजूर केला तरच लॅबमधले तीन जुने डबे, म्हणजे कॉम्प्युटर, आमच्याकडे राहणार होते. नाहीतर आमचे एचओडी राऊत सर ते भंगारात काढणार होते. माझ्याकडे आणि गजाननकडे लॅपटॉप होता, अश्विनीकडे नव्हता. डबे गेले की तिचं काम बंद, इतकं ते सरळ होतं.

*

अश्विनीच्या घरी एकदा जेवायला गेलो होतो. तिच्या आईनं विचारलं, पोरं हो, दिवसभर करता तरी काय? गजाननला एवढंच पाहिजे होतं. त्यानं ताटातल्या तीन भाकरी वेगळ्या मांडून क्लस्टर समजावलं. एकीवर जे लिहिलं ते दुसरीवर, तेच तिसरीवर, असं अर्धा तास चाललं. भाजी थंड झाली.

काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “एकच गोष्ट तीन तीन खेप लिहून ठेवता, मंग तुमाले अजून पाठ कशी नाई झाली?”

गजाननने मांडलेल्या तीनही भाकरी परत एकावर एक ठेवल्या.

*

नावाचं असंच. गजाननला काहीतरी जोरदार इंग्रजी नाव पाहिजे होतं. त्याला सुचलेलं प्रत्येक नाव जगात कुणीतरी आधीच घेऊन ठेवलेलं. शेवटी वैतागून अश्विनी म्हणाली, ‘सावड’ ठेवा. आमच्याकडे आज सगळ्यांनी मिळून तुमच्या वावरात राबायचं, उद्या आमच्या, ही सावड. ते नाव जगात कुणी घेतलं नव्हतं.

नाव ठेवलं आणि कामही आम्ही तसंच करायला लागलो. एक दिवस तिघंही अश्विनीच्या बॅकअपच्या भागावर, दुसऱ्या दिवशी तिघंही माझ्या स्क्रीनवर. पुण्याच्या निखिल सरांकडे आमचा आराखडा तपासायला होता. त्यांचा मेल आला की प्रत्येक कामापुढे तीनही नावं कशी, नेमकं करणार कोण?

गजाननने उत्तर पाठवलं, आज अश्विनीचं वावर आहे, उद्या मंगेशचं, परवा माझं.

त्यावर सरांचा मेल, “वावराचं मला काही समजलं नाही, पण काम पुढे सरकताना दिसतंय. चालू द्या.”

*

मशीनना नावं द्यायची वेळ आली तेव्हा आम्ही आपापल्या गावांची दिली. एक मेडशी, एक अनसिंग, एक शेलूबाजार. तिथून सगळी गावकी सुरू झाली. ‘शेलूबाजार बंद पडलं’ असं कुणी लॅबमध्ये म्हटलं की मला आतून लागायचं. खोटं कशाला सांगू.

मग एक गंमत दिसायला लागली. लीडर दरवेळी मेडशीच! मेडशी हा तिघांतला सगळ्यात म्हातारा डबा. तो तापायचा आणि बंद पडायचा. उरलेल्या दोघांनी कारभार हातात घेतला की हा परत सुरू व्हायचा, खुर्ची ओढून घ्यायचा आणि पुन्हा तापायचा. अख्खा आठवडा आम्ही कोडमध्ये चूक शोधत बसलो.

चूक कोडमध्ये नव्हती. गजाननने सेटिंगमध्ये जाऊन गुपचूप मेडशीला पहिला मान देऊन ठेवला होता. गावाचं नाव वर दिसावं म्हणून!

अश्विनीनं सेटिंग काढून टाकलं आणि शांतपणे म्हणाली, “तुह्या मेडशीले खुर्चीचा लय सोस हाये गजू, पन बसनं काई जमत नाई.”

*

राऊत सरांनी आराखड्यात तारखांचा तक्ता मागितला. आम्ही तो प्रामाणिकपणे केला आणि मधे एक मोठी मोकळी जागा सोडली. तिथे लिहिलं, ‘सोयाबीनची सोंगणी’. कापणीच्या त्या दिवसांत तिघांच्याही घरी हात कमी पडतात. कॉम्प्युटर काय, देव जरी बोलावायला आला तरी घरचे सोडत नाहीत.

सर वैतागले. पुण्याच्या लोकांना हे दाखवायचं म्हणजे हसं होईल, म्हणाले. सोंगणी नेमकी कधी, तारीख तरी टाका. गजानन म्हणाला की तारीख सोयाबीन सांगेल.

“आणि ऐन वेळी पाऊस आला तर?” सरांनी विचारलं.

“मंग काय सर,” अश्विनी म्हणाली, “वावरात जाताच येनार नाई. कोड जास्त होईन.”

सरांनी मोकळी जागा तशीच राहू दिली.

*

आता मंजुरीच्या शेवटच्या दिवसाचं सांगतो. लॅबमध्ये मोठ्या स्क्रीनवर निखिल सर, समोरच्या खुर्चीत गजानन, त्याच्या दोन्ही बाजूंना मी आणि अश्विनी. राऊत सर हाताची घडी घालून भिंतीला टेकलेले. डब्यांवर ‘भंगार’ अशी चिठ्ठी आधीच चिकटवून झाली होती. अश्विनी तिकडे बघत नव्हती.

निखिल सरांनी विचारलं, लीडर मशीन मधेच गेलं तर काय होतं? गजाननने सांगितलं की उरलेली दोन मत देतात, त्यातलं एक लीडर होतं, काम थांबत नाही. आणि गेलेलं परत आलं तर? ते गुमान मेंबर म्हणून बसतं, खुर्ची मागत नाही.

“हे मशीनचं झालं,” निखिल सर म्हणाले. “तुमचं काय? लीडरला नोकरी लागली की प्रोजेक्ट बंद पडतो, हे मी खूपदा पाहिलंय. इथे तर मघापासून सगळी उत्तरं एकटा गजाननच देतोय.”

घोडं नेमकं इथेच पेंड खाणार, हे मला कळलं. गजाननने तोंड उघडलं, आणि आमच्या ओळखीत पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं. मग तो उठला, खुर्ची मागे सारली आणि सरळ दाराबाहेर निघून गेला.

राऊत सरांनी मागून हाक मारली, तो थांबला नाही. अश्विनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. ती खुर्चीत बसली आणि पुढची स्लाइड लावून बोलायला लागली.

निखिल सरांनी तिला भरपूर पिळलं. बहुतेक प्रश्नांना तिनं तिथल्या तिथे उत्तर दिलं. एका प्रश्नाला ‘हे अजून ठरलं नाही सर, तिघं बसून ठरवू’ असं सांगितलं आणि पुढे गेली. मधेच कधीतरी गजानन आत आला आणि सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसला.

शेवटी निखिल सरांनी चष्मा काढून पुसला. मग मागच्या बाकाकडे बघून विचारलं, “गजानन, मंजुरीचा मेल कुणाला पाठवू?”

“मले काहून विचारता सर?” गजानन मागून म्हणाला. “लीडर समोर बसेल हाये.”