औषध नाकारले

"शर्ट काढ आणि टेबलावर झोप," साहेब म्हणाले.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणाले. मागं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. साहेब, नागपूरहून आलेले तीन डॉक्टरकीचे विद्यार्थी, आणि कार्डं लावत बसलेला मी.

चांद्याचं हिवताप संशोधनाचं ऑफिस होतं ते. मी बी.एस्सी.चा विद्यार्थी. कॉलेजनं वर्षभर काम शिकायला पाठवलेला. हिवतापानं पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते, ती साहेबांना पाहुण्यांना दाखवायची होती. बोलावलेला रोगी आला नव्हता.

"ढिवराचा ना तू? तळ्याकाठचा मासेमार. तुझी पानथरी हाताला लागेलच."

मी झोपलो. ते अजून खुपतं.

तिघांनी आळीपाळीनं बरगडीखाली बोटं खुपसली. एकजण हसला. नाव कोणी विचारलं नाही. साहेब इंग्रजीत सांगत होते, ह्या लोकांना औषध दिलं तरी घेत नाहीत, अडाणी आहेत. मला इंग्रजी येत होतं. साहेबांना ते माहीत होतं.

जाताना मला म्हणाले, तुझंही एक कार्ड कर.

कार्डं माझंच काम. एका माणसाचं एक कार्ड, कडेला भोकांची रांग. कुठल्या भोकाचा काय अर्थ, ही सारी मांडणी मी बसवलेली. लागू असेल ते भोक कडेपर्यंत कापायचं. मग गठ्ठ्याच्या त्या भोकात लांब सुई घालून उचललं की कापलेली तेवढी कार्डं खाली पडत. आज माझी नात संगणकावर असलंच काहीतरी करते.

माझं कार्ड ठेवायला आमच्या गावचा गठ्ठा काढला. साहेबांचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून औषधाच्या भोकात सुई घातली, उचलली. सगळा ढिवर मोहल्ला टेबलावर पडला. भोकाचा अर्थ, 'औषध नाकारले'. त्यात मायचं कार्ड. कापलेलं माझ्याच हातानं. आठ महिने साहेबांच्या यादीवरून मी कापत गेलो होतो. नावं वाचलीच नव्हती.

रविवारी गावी गेलो. माय जाळं सांधत होती. विचारलं, गोळ्या काऊन नाई घेतल्या?

"मले कोनी इचारलं, बाबू? गोळ्या पाटलाच्या वट्यावर आल्या, तिथीच सरल्या. आपल्या मोहल्ल्यात कोनी आलंच नाई."

घरोघर गेलो. प्रत्येक दारात तेच उत्तर.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. म्हणालो, हे भोक खोटं आहे. 'औषध पोचलेच नाही' असं नवं भोक लावू, मी सगळी कार्डं पुन्हा करतो.

त्यांनी मान वर केली नाही. "तू कार्डं कापायला आहेस. अहवाल लिहून झालाय. आणि वर्षाच्या दाखल्यावर सही माझी लागते, विसरू नकोस."

"मंग नका करू सही. पन हे भोक मी कापनार नाई."

त्या ऑफिसात पहिल्यांदा माझ्या घरची बोली तोंडातून निघाली. कात्री टेबलावर ठेवली आणि बाहेर पडलो.

दाखला मिळाला नाही. कॉलेजनं वर्ष बुडालं म्हणून लिहिलं. बाप महिनाभर बोलला नाही. अहवाल तसाच छापून आला, आमचा मोहल्ला त्यात अडाणीच राहिला.

पुढं आयुष्यभर आकड्यांचीच नोकरी केली. तसेच साहेब पुन्हा पुन्हा भेटले. पण ज्याच्या दारात कोणी गेलंच नाही, त्याच्यावर ठपका ठेवणारा कागद माझ्या हातून पुढं गेला नाही. मी जिता आहे तोवर जाणारही नाही.